शनवार तेली: कोकणातून भूमध्य समुद्राकाठी

ज्यांना लोकलच्या गर्दीत ऐकू येत नाही, किंवा ऐकण्यापेक्षा वाचायलाच आवडतं, त्यांच्यासाठी हा आपल्या या भागाचा लेखी मजकूर.

सुरुवात एका कोड्याने करू. मी काही सणांची नावं सांगतो, ते सण कुणाचे हे तुम्ही ओळखायचं. नव्याचा सण. खिरीचा सण. दार फाळणीचा सण. शिळा सण. होळीचा सण. बिरड्याचा सण.

आगरी? कोळी? कुणबी? अंदाज चुकीचा म्हणता येणार नाही, कारण ही नावं कोकणातच घडली. पण हे सण ज्यू लोकांचे आहेत. नव्याचा सण म्हणजे त्यांचं नवीन वर्ष, रोश हशाना. दार फाळणी म्हणजे योम किप्पूर, वर्षातला सगळ्यात मोठा उपवास. होळीचा सण म्हणजे पुरीम, जो साधारण आपल्या होळीच्याच दिवसांत येतो. आणि बिरड्याचा सण म्हणजे जेरुसलेमचं मंदिर पाडलं गेलं त्या दुःखाचा दिवस. दिवसभर उपास करायचा आणि तो सोडायचा वालाच्या बिरड्यावर!

मी पनवेलजवळच्या नेऱ्याचा. आमच्याकडे वाल म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको. मोड आलेले वाल कोमट पाण्यात टाकून सोलायला आजीने मला लहानपणी बसवलंय, आणि ते काम किती कंटाळवाणं असतं ते ज्यांनी केलंय त्यांनाच कळेल. जेरुसलेमच्या मंदिराचा शोक आणि आमच्या घरचं बिरडं एकाच ताटात कसे आले? आजची गोष्ट ती आहे. एक समाज परदेशातून आला, कोकणी झाला, आणि मग पुन्हा परदेशी गेला. त्याचं नाव बेने इस्राएल.

नवगावची बोट

बेने इस्राएल समाजाची स्वतःची परंपरा अशी: फार पूर्वी एक जहाज कोकण किनाऱ्यावर फुटलं. सात पुरुष आणि सात बायका तेवढ्या वाचल्या. अलिबागच्या उत्तरेला, थळ आणि किहीमच्या पट्ट्यात नवगाव आहे, तिथे ते किनाऱ्याला लागले. बुडालेल्यांना तिथेच पुरलं. आज नवगावला समाजाची जुनी दफनभूमी आहे आणि त्या चौदा जणांच्या आठवणीत उभारलेलं स्मारकही.

हे नक्की कधी घडलं? दोन हजार वर्षांपूर्वी, असं परंपरा सांगते. त्यासाठी दिला जाणारा एक युक्तिवाद मला आवडतो. या लोकांच्या जुन्या सणांमध्ये हनुक्का हा सण नव्हता. हनुक्का ज्या घटनेवरून सुरू झाला ती इसवी सनापूर्वी १६४ ची. मग हे लोक त्याच्या आधीच निघाले असतील, असा तर्क. अभ्यासकांमध्ये मात्र यावर एकमत नाही. त्यांच्याबद्दलची बाहेरच्या माणसाने केलेली जुनी लेखी नोंद १७३८ ची, एका मिशनऱ्याच्या पत्रातली. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका जनुकीय अभ्यासात त्यांच्यात पश्चिम आशियातल्या ज्यूंचा आणि स्थानिक भारतीयांचा, असा दोन्हीकडचा वारसा दिसला. हे मिश्रण साधारण १९ ते ३३ पिढ्यांपूर्वी झालं असावं असा त्यातला हिशोब आहे. थोडक्यात, आलेले लोक वेगळे राहिलेही आणि मिसळलेही.

किनाऱ्यावर उतरल्यावर खायचं काय? त्यांनी तेलाचा घाणा धरला. बैल, लाट, तीळ, नारळ. गावोगाव तेल गाळून द्यायचं. फक्त एक दिवस घाणा बंद ठेवायचा, शनिवार. ज्यूंचा तो विश्रांतीचा दिवस, शब्बाथ. ग्रंथ हरवले, हिब्रू भाषा जवळजवळ विसरली गेली, पण शनिवारची सुट्टी सुटली नाही. गावाने मग त्यांना नाव दिलं: शनवार तेली.

हे नाव मला फार भारी वाटतं. गावाला त्यांचा धर्मग्रंथ माहीत नव्हता, ते कुठून आले हेही धड माहीत नव्हतं. माहीत एवढंच होतं की हे तेली शनिवारी तेल देत नाहीत. तेवढं ओळखीला पुरलं.

मासळीची परीक्षा

पुढे परंपरेत येतो डेव्हिड राहबी. हा बाहेरून आलेला ज्यू. कोकणात कुणी शनिवार पाळणारे तेली आहेत हे त्याच्या कानावर गेलं. हे खरंच आपले का, हे बघायचं कसं? गोष्ट अशी सांगतात की त्याने त्यांच्या बायकांसमोर वेगवेगळी मासळी ठेवली आणि रांधायला सांगितलं. बायकांनी खवले आणि पर असलेले मासे तेवढे निवडले, बाकीचे बाजूला सारले. ज्यू धर्माचा नियम हाच. पापलेट चालतं, कोळंबी आणि खेकडा नाही. राहबीची खात्री पटली. त्याने तीन जणांना शिकवून तयार केलं, ते पुढे काजी म्हणून ओळखले गेले.

म्हणजे कागद नाही, दाखला नाही, परीक्षा झाली ती चुलीपाशी. आणि ती पास झाल्या बायका. ही गोष्ट लक्षात ठेवा, तिचं दुसरं टोक पुढे इस्रायलमध्ये येणार आहे.

बाकी सगळं हळूहळू कोकणी होत गेलं. आडनावं बघा. चौलचे ते चेऊलकर, पेणचे पेणकर, दिव्याचे दिवेकर, किहीमचे केहीमकर, अष्टमीचे अष्टमकर, झिराडचे झिराडकर, राजपुरीचे राजपूरकर. अशी गावांवरून पडलेली शंभरावर आडनावं आहेत. रायगडचा नकाशा हरवला तर त्यांच्या लग्नपत्रिकांवरून परत काढता येईल! पहिली नावंही बदलली. सॅम्युएलचा झाला सामाजी, आयझॅकचा इसाजी, अब्राहमचा अबाजी. बायका नऊवारी नेसायच्या, गळ्यात मंगळसूत्र घालायच्या. लग्नाआधी मेंदी.

सणांची नावं तर तुम्ही ऐकलीच. खिरीच्या सणाला नव्या धान्याची, नारळाच्या दुधातली खीर. दार फाळणीला दारं लावून घेऊन घरात उपास आणि प्रार्थना. दुसरा दिवस शिळा सण, त्या दिवशी गोरगरिबांना दान द्यायचं आणि एकमेकांकडे जायचं. नारळाच्या दुधाचीही एक गंमत आहे. ज्यू नियमांत मांस आणि दूध एकत्र चालत नाही. दुसऱ्या देशातल्या ज्यूंना ही अडचण वाटत असेल, कोकणात अडचण कसली? मटणात नारळाचं दूध, खिरीत नारळाचं दूध, हलव्यात नारळाचं दूध. द्राक्षाची वाइन मिळत नव्हती तर काळ्या मनुका भिजवून त्याचं सरबत केलं आणि शब्बाथची प्रार्थना त्यावर म्हटली.

आणि मलिदा! भिजवलेले पोहे, खवलेला नारळ, साखर, वेलची, सुका मेवा, सोबत फळं. नवस फेडायचा असो, लग्न असो, प्रवासाला निघायचं असो, मलिदा करायचा आणि एलियाहू हन्नाबीचं, म्हणजे प्रेषित एलियाचं, नाव घ्यायचं. एलिया जगभरच्या ज्यूंना माहीत आहे. पण त्याचा रथ अलिबागजवळच्या खंडाळे गावी टेकला होता आणि तिथून तो स्वर्गात गेला, ही श्रद्धा बेने इस्राएल समाजाचीच. खडकावर चाकाच्या आणि घोड्याच्या टापांच्या खुणा दाखवतात. त्या जागेला म्हणतात एलियाहू हन्नाबीचा टप्पा. ज्यूंचा प्रेषित रायगड जिल्ह्यात आणून बसवला की नाही?

आता लगेच "वाह, काय सलोखा" असं म्हणून पुढे जाऊ नका. कोकणी होताना त्यांनी जातही उचलली. समाजात गोरे आणि काळे असे दोन गट होते आणि त्यांच्यात रोटीबेटी व्यवहार होत नव्हता. तेली म्हणून गावाच्या उतरंडीत त्यांची जागाही ठरलेली होती. मात्र ज्यू आहेत म्हणून इथे त्यांचा छळ झाला नाही. युरोपात ज्या शतकांत ज्यूंना शहरांतून हाकललं जात होतं, स्पेनने तर १४९२ साली एका हुकमाने देशाबाहेर काढलं, तेव्हा आपल्याकडे शनवार तेली घाणा चालवत होते आणि शनिवारी बैलाला सुट्टी देत होते.

मुंबई, मशीद आणि मराठी

अठराव्या शतकापासून बरेच जण घाणा सोडून मुंबईला गेले. कंपनीच्या फौजेत, नंतर रेल्वेत, टपालात, सरकारी कचेऱ्यांत. फौजेतल्या सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांना म्हैसूरच्या लढाईत टिपू सुलतानाने कैद केलं होतं. सुटून आल्यावर त्यांनी १७९६ साली मुंबईत प्रार्थनामंदिर बांधलं, शाआर हराहमीम. समाजातले लोक प्रार्थनामंदिराला मशीदच म्हणायचे, त्यामुळे हिचं नाव पडलं जुनी मशीद. हार्बर लाइनवरचं मशीद स्टेशन त्यावरूनच म्हणतात असं बरेच लोक सांगतात.

आपल्या पनवेललाही बेथ एल नावाचं प्रार्थनामंदिर आहे, १८४९ चं. म्हणजे बोरीबंदर ते ठाणे पहिली आगगाडी धावली त्याच्या चार वर्षं आधीचं. पेण, अलिबाग, रेवदंडा इथेही आहेत. अलिबागला तर इस्राएल आळीच आहे.

भाषेचं काय? घरात मराठी, बाजारात मराठी, आणि मग प्रार्थनेच्या पुस्तकातही मराठी. १८७४ साली पुण्यात हगादा छापला गेला. वल्हांडणाच्या रात्री ज्यू कुटुंबं जे पुस्तक समोर ठेवून वाचतात ते हगादा. त्यात हिब्रूच्या बरोबर मराठी भाषांतर आहे, आणि चित्रांत सणाच्या भाकऱ्या करणाऱ्या बायका साडीत आहेत. इजिप्तमधून सुटकेची कथा, आणि चित्रात आपल्या आज्या! एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्यांनी कीर्तनंही सुरू केली. अभंग, ओव्या, आख्यान सगळं आपल्यासारखं, फक्त आख्यान मोशेचं किंवा योसेफाचं.

या समाजातली काही माणसं तुम्हाला नकळत माहीत असतात. महालक्ष्मी-वरळीचा डॉ. ई. मोझेस रोड हा १९३७-३८ मध्ये मुंबईचे महापौर असलेल्या एलिजा मोझेस राजपूरकरांच्या नावाचा. डॉ. जेरूशा झिराड या स्त्रीरोगतज्ज्ञांना १९६६ साली पद्मश्री मिळाली. 'बूट पॉलिश' मधले जॉन चाचा आठवतात? ते डेव्हिड, म्हणजे डेव्हिड अब्राहम चेऊलकर. आणि हाईम सॅम्युएल केहीमकरांनी समाजाचा इतिहास १८९७ मध्ये लिहून ठेवला. तो छापला गेला त्यांच्या मृत्यूनंतर, १९३७ साली, आणि कुठे? तेल अवीवमध्ये.

मायदेशी परदेशी

१९४८ साली इस्रायल देश झाला. तेव्हा भारतात बेने इस्राएल साधारण वीस हजार होते. त्यांना इथून कुणी हाकललं नाही. काहींना धर्माची ओढ होती. काहींना इंग्रज गेल्यावर सरकारी नोकऱ्यांचं काय होणार ही काळजी. काही भाऊ गेला म्हणून गेले. अगदी आपल्यासारखंच. माझ्या टीममधले तिघं गेल्या काही वर्षांत बाहेरच्या देशांत गेले. प्रत्येकाला विचाराल तर एकच कारण कुणीच सांगणार नाही.

तिथे पोचल्यावर मात्र वेगळंच वाढून ठेवलेलं होतं. ज्या देशाचं नाव हजार वर्षं प्रार्थनेत घेतलं, तिथे हे लोक "भारतीय" ठरले. रंगावरून बोलणी, कामात दुय्यम वागणूक. १९५१ मध्ये यांतल्या काहींनी आम्हाला भारतात परत पाठवा म्हणून धरणं धरलं. धरणं! गांधींच्या देशातून गेलेली माणसं ती. १९५२ मध्ये पहिली तुकडी खरंच परत आली. नंतर त्यातले बहुतेक पुन्हा इस्रायलला गेले, कारण तोपर्यंत इथलंही घर मोडलं होतं.

त्याहून मोठी ठेच पुढची. काही धर्मगुरूंनी प्रश्न काढला की हे लोक पूर्ण ज्यू आहेत का? इतक्या पिढ्या एकटे राहिले, यांचे विवाह आणि घटस्फोट नियमाप्रमाणे झाले का? १९६२ मध्ये मुख्य धर्मपीठाने निर्देश काढले की बेने इस्राएल मुलामुलीचं समाजाबाहेर लग्न लावताना आईकडच्या मागच्या पिढ्यांची चौकशी करा. कल्पना करा, अष्टमीच्या एखाद्या आजीच्या आजीचा दाखला कुठून आणायचा? घाण्यावर रजिस्टर ठेवत होते का?

राहबीने मासळी दाखवली होती. इथे वंशावळ मागितली. पहिल्या परीक्षेत तुम्ही कसे जगता ते बघितलं, दुसरीत तुम्ही कुणाचे ते. शनिवारची सुट्टी इतक्या पिढ्या सांभाळणाऱ्यांना हे किती लागलं असेल?

ते गप्प बसले नाहीत. १९६४ च्या उन्हाळ्यात जेरुसलेममध्ये आंदोलन पेटलं, बायकामुलांसह लोक रस्त्यावर बसले. पंतप्रधान लेव्ही एश्कोल यांच्या सरकारने बाजू घेतली आणि १७ ऑगस्ट १९६४ रोजी तिथल्या संसदेने ठराव केला की बेने इस्राएल हे सर्व बाबतींत ज्यूच आहेत, इतर ज्यूंच्या बरोबरीचे. धर्मपीठालाही मग निर्देशांतून या समाजाचं नाव काढावं लागलं.

अश्दोदमधला मलिदा

आज हा समाज तिथे भूमध्य समुद्राकाठच्या अश्दोदला, विमानतळाजवळच्या लोदला, वाळवंटातल्या बेर्शेबा आणि दिमोनाला राहतो. दिमोनाला तर तिथे छोटा भारत म्हणतात. आणि गंमत पुढे आहे. कोकणात असताना त्यांनी जपलं काय? शब्बाथ, खवल्यांचे मासे, एलियाहू. आणि इस्रायलमध्ये गेल्यावर जपलं काय? पोहे, नारळ, मेंदी, मराठी. लग्न ठरलं, नवं घर घेतलं, की मलिदा. तिथे शनिवारी सगळ्या देशालाच सुट्टी, त्यामुळे शनवार तेली या ओळखीला काही अर्थ उरला नाही. वेगळेपण आता पोह्यांत आलं.

त्यांनी तिथे 'मायबोली' नावाचं मराठी नियतकालिक काढलं. क्रिकेटही नेलं. इस्रायल १९७४ मध्येच आंतरराष्ट्रीय क्रिकेट संघटनेचा सहयोगी सदस्य झाला, आणि तिथलं क्रिकेट टिकवण्यात आपल्याकडून गेलेल्यांचा मोठा वाटा आहे. आता त्यांची नातवंडं टूर काढून कोकणात येतात. नवगाव, खंडाळे, पनवेल, आजोबांचं गाव. आडनावातच पत्ता असल्यामुळे शोधायला सोपं.

हे सगळं मी आत्ता का सांगतोय? नेऱ्यात गेल्या काही वर्षांत भातशेतीच्या जागी इमारती उभ्या राहिल्या. उत्तरेकडचे, दक्षिणेकडचे, घाटावरचे, सगळे आले. चहाच्या टपरीवर "बाहेरचे लोक" हा शब्द रोज ऐकू येतो. राग कशाचा आहे तेही मला कळतं. जमीन जाते, पाणी कमी पडतं, गावच्या पोराला बांधकामावर सुपरवायझरसुद्धा करत नाहीत. हे प्रश्न खरे आहेत आणि ते बिल्डरला, सरकारला विचारायलाच हवेत. पण समोरच्या बिऱ्हाडातल्या माणसाला प्रश्न कुठला विचारायचा? "मूळचे कुठले?" हा की "शनिवारी तुमच्याकडे काय असतं?" हा? नवगावच्या लोकांनी दुसरा विचारला, आणि त्यातून पेणकर, चेऊलकर, दिवेकर झाले. आणि जे बाहेर गेलेत किंवा जायचा विचार करताहेत, त्यांनाही हे सांगतो: तिथे गेल्यावर आपण काय जपणार हे इथे बसून ठरवता येत नाही. मलिदा एवढा महत्त्वाचा होईल हे बोटीत बसताना कुणाला वाटलं असेल?

महाराष्ट्र सरकारने २०१६ मध्ये ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला. भारतात आता पाच हजारही उरलेले नाहीत.

आता फिरायला जाणाऱ्यांसाठी. एक रविवार काढा. पनवेलहून पेण, वडखळ मार्गे निघा. खंडाळ्याचा टप्पा बघा, अलिबागची इस्राएल आळी पायी फिरा, मग नवगावची दफनभूमी, वेळ उरला तर रेवदंडा. शनिवारी जाऊ नका, तो प्रार्थनेचा दिवस. प्रार्थनामंदिरात जायचं तर आधी परवानगी घ्या, डोकं झाका. दफनभूमीत रील बनवू नका, प्लीज.

आणि एक काम. तुमचं गाव रायगडात असेल तर घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला विचारा: आपल्या गावात इस्राएली राहायचे का? घाणा कुठे होता? त्यांचं घर आता कुणाकडे आहे? फोनचं रेकॉर्डिंग चालू करा आणि बोलू द्या. गावच्या बाजूने ही गोष्ट सांगू शकणारे लोक आता थोडे राहिलेत, आणि त्यांच्या आठवणी कुणी लिहून ठेवलेल्या नाहीत. जे मिळेल ते आम्हाला पाठवा, आपण त्यावर एक भाग करू.

तोवर बिरडं खा, वाल मात्र स्वतः सोला. भेटू पुढच्या भागात!